संस्थेचं सॉफ्टवेअर कोऱ्या यंत्रावर उभं राहील का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिनाभरात आपल्या पत्रांच्या सदरात, बडोद्यातल्या मराठी संस्थांनी आपला कारभार ऑनलाइन करावा, असं सांगणारी दोन-तीन पत्रं वाचली. सभासदांची यादी, देणगीच्या पावत्या, सभागृहाचं आरक्षण, नाट्यस्पर्धेच्या प्रवेशिका हे सगळं संगणकावर असावं, याबद्दल माझं दुमत नाही. आमच्या संस्थेत ते २०१६पासून आहे. पण त्या पत्रांत एक गोष्ट कुणीच लिहिली नाही आणि तीच आम्हाला २०२४च्या पुरात फार महागात पडली. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हे सगळे विचारतात. ते सर्व्हरवर कसं बसवलंय आणि उद्या ते यंत्रच हाताशी राहिलं नाही, तर दुसऱ्या यंत्रावर कोण आणि कशाच्या आधाराने बसवणार, हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

मी इथल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात २७ वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर संस्थेच्या संगणकाचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते आनंदाने घेतलं. तेव्हा पुढे जे लिहिते आहे, त्यात चुकलेल्यांत मी स्वतः आहे.

२६ ऑगस्ट २०२४, सोमवार, जन्माष्टमी. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आजवा तलावाचं पाणी सोडलेलं आणि विश्वामित्री नदी चढत चाललेली. मंगळवारी आमच्या कार्यालयात पाणी शिरलं. कार्यालय तळमजल्यावर आहे आणि सर्व्हर म्हणजे टेबलाखाली ठेवलेला एक टॉवर. शुक्रवारी दार ढकलून आत गेलो, तर भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती. टॉवर आडवा पडला होता आणि त्याच्या पंख्याच्या जाळीतून गाळ बाहेर येऊन वाळला होता. गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला, म्हणजे हातात आठ दिवस. आमच्याकडे वर्षभराच्या देणग्यांपैकी बहुतेक त्याच पंधरवड्यात येतात.

खजिनदारकाकांनी पहिला प्रश्न केला, “ताई, हिशेब गेला का हो?”

हिशेब गेला नव्हता. रोज रात्री डेटाबेसची एक प्रत शहराबाहेर जाईल, अशी सोय मी आल्या आल्या केली होती. रविवारी रात्रीची प्रत सुखरूप होती आणि सोमवारी सुट्टी असल्याने एकही नोंद बुडाली नव्हती.

“मग दुसऱ्या संगणकावर टाका की,” काका म्हणाले.

किती साधं वाक्य आहे! आणि ते एवढं साधंच असायला हवं होतं. पण आम्हाला ते ७ सप्टेंबरपर्यंत जमलं नाही.

ज्या मुलाने हे सॉफ्टवेअर लिहिलं, तो २०१८ साली कॅनडाला गेला. भला मुलगा, फोन केला की आजही उचलतो. त्याच्याकडे त्याच्या वेळची प्रत होती. पण त्यानंतरच्या सहा वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी किरकोळ बदल केले होते आणि तेही थेट चालू सर्व्हरवर. एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेण्या-आणण्याच्या जुन्या पद्धतीने, फाइल खाली उतरवायची, दोन ओळी बदलायच्या, परत चढवायची. बदल झाला, काम चाललं, सगळे खूश. त्या बदलांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. पंच्याहत्तरीपुढच्या सभासदांना वर्गणी माफ, हा २०२२चा ठराव फक्त त्या एका डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरलेला होता. ती डिस्क दुरुस्तीवाल्याकडे दिली. चार दिवसांनी त्याने हात वर केले.

मी महिना सहाशे रुपयांच्या आसपास भाड्याचा एक सर्व्हर घेतला आणि २०१८ची प्रत त्यावर टाकली. जुन्या यंत्रावर उबुंटू १६.०४ हे लिनक्स होतं, त्याच्यासोबत पीएचपी ७.० (आमचा कोड ज्या भाषेत आहे ती) आणि मायएसक्यूएल ५.७ (डेटाबेस सांभाळणारं) आलेलं. नव्यावर उबुंटू २४.०४, म्हणजे पीएचपी ८.३ आणि मायएसक्यूएल ८.०. पान उघडलं तर पांढरं. सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीत पाहिलं, तर आमच्या कोडमध्ये जागोजागी वापरलेलं ‘ईच’ नावाचं फंक्शन पीएचपीने आवृत्ती ८मध्ये काढूनच टाकलेलं. ते एकेक करून बदलत पुढे सरकले, तर नाट्यस्पर्धेचं पान अडलं. स्पर्धेतल्या संघांचा तक्ता त्या मुलाने ‘ग्रुप्स’ या नावाने केला होता. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीत तो शब्द राखीव झाला, त्यामुळे सरळ लिहिलेली प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) तिथे ठेचकाळत होती. चूक शोधायला चार तास गेले, दुरुस्ती चार मिनिटांची.

५ तारखेच्या रात्री मी काकांना फोन करून सांगितलं की होणार नाही. त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. सकाळी ते रावपुऱ्यातल्या छापखान्यात गेले आणि पावतीपुस्तकं छापून आणली. त्या वर्षी दहा दिवसांत ३४० पावत्या हाताने फाडल्या. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस कार्बन नीट बसवून, दाबून दाबून नाव लिहितोय, हे मी रोज समोर बसून पाहत होते. त्या दृश्याने मला फार अपराधी वाटलं आणि दसऱ्यानंतर हे काम मुळापासून करायचं ठरवलं.

भाचा कलाभवनात संगणक शिकतो, तो मदतीला आला. पहिले दोन रविवार आम्ही कोडला हातही लावला नाही. बसवायचं कसं, एवढ्यावरच बोललो.

एफटीपी तर बादच. गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात कोड ठेवायचा आणि सर्व्हरवर जाऊन तो ओढून घ्यायचा, हा बहुतेक छोट्या कंपन्यांचा मार्ग. त्याने कोडची प्रत सुरक्षित राहते, बदल कुणी कधी केला ते कळतं. पण पीएचपी कोणती, तिची कोणती एक्स्टेन्शन्स (जोड-भाग), कोणता फॉन्ट, रात्री कोणतं काम आपोआप चालतं, हे सगळं यंत्रावरच राहतं आणि पाण्यात जातं ते हेच.

माझा ओढा डेबच्या, म्हणजे डेबियनच्या पद्धतीने बांधलेल्या, पॅकेजकडे होता. डेबियन ही १९९३पासूनची लिनक्स व्यवस्था आहे, उबुंटूही तिच्यावरच बेतलेलं, कारखान्यात मी तिच्यावर वर्षानुवर्षं विसंबले. पॅकेज स्वतःच सांगतं की मला अमुक अमुक लागतं, व्यवस्था ते आणून देते, काढायचं म्हटलं तर स्वच्छ निघतं. आजही कुणाचं सॉफ्टवेअर चालू आवृत्त्यांवर नीट चालत असेल, तर तो मार्ग मी कमी लेखणार नाही. पण डेबचं पॅकेज यंत्रावरच्या पीएचपीवर टेकून उभं राहतं. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते, तिच्यासोबत पीएचपी बदलते आणि आमचा कोड तर ७.०च्या पुढे चालतच नव्हता.

एका कंपनीने संस्थेला कुबरनेटिसचा प्रस्ताव दिला होता. गूगलने २०१४ साली खुली केलेली ती व्यवस्था मोठी आणि चांगली आहे, पण ती पुष्कळ यंत्रांवर पुष्कळ कंटेनर (ते काय, ते पुढे सांगते) सांभाळण्यासाठी. आमचं यंत्र एक, सभासद अकराशे. ती चालवायलाच माणूस ठेवावा लागला असता. मी कार्यकारिणीत स्पष्ट ‘नको’ म्हटलं.

शेवटी डॉकरवर, म्हणजे कंटेनर बांधण्याच्या आणि चालवण्याच्या साधनावर आलो. २०१३ साली ते लोकांपुढे आलं. त्याच्या खालची लिनक्स कर्नेलमधली (लिनक्सच्या गाभ्यातली) सोय त्याच्याही आधीची आहे. कंटेनर म्हणजे वेगळा संगणक नव्हे. त्याच यंत्रावर, त्याच कर्नेलवर चालणारा प्रोग्राम, फक्त त्याला त्याच्या स्वतःच्या फाइली दिसतात, यंत्राच्या नाहीत. पीएचपी, एक्स्टेन्शन्स, कोड असं सगळं एका इमेजमध्ये बांधलेलं. यंत्रावर डॉकर असलं की पुरे.

कार्यकारिणीला हे समजावताना मला बडोद्याचीच गोष्ट आठवली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली आणि पुढे गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं जाऊ लागली. माझे आजोबा राज्यात मास्तर होते, त्यांच्या शाळेत अशी पेटी यायची. ते सांगायचे की गावात कपाट नाही, ग्रंथपाल नाही, काही नाही, पण पेटी उघडली की वाचनालय सुरू, कारण लागणारं सगळं तिच्यातच असायचं. कार्यकारिणीतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई लगेच म्हणाल्या, “म्हणजे आपलं सगळं पेटीत भरायचं.” त्या दिवसापासून संस्थेत डॉकरच्या इमेजला सगळे पेटीच म्हणतात.

ती पेटी कशी भरायची, हे ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं ती डॉकरफाइल. आमची ३१ ओळींची आहे. पहिल्या ओळीत कोणती तयार इमेज पायाला घ्यायची ते, मग कोणती एक्स्टेन्शन्स बसवायची, मग फॉन्ट, मग यंत्राची वेळ, मग कोड कुठे ठेवायचा, शेवटी काय सुरू करायचं. माझ्या दृष्टीने खरी मोलाची वस्तू इमेज नाही, ही फाइल आहे. आठ वर्षं जे चार जणांच्या डोक्यात आणि एका डिस्कवर होतं, ते ३१ ओळींत वाचता येतं. मी उद्या नसले तरी कुणीही वाचून समजू शकेल.

पण पेटीत घालायचं काय काय, हे आम्हाला एकदम सुचलं नाही आणि ज्यांना हे करायचं आहे त्यांनी इथे लक्ष द्यावं. पहिली पावती छापली, तर तिच्यावर ‘रु.’पासून ‘आभारी आहोत’पर्यंत नुसते चौकोन. पावतीची पीडीएफ बनवणारं साधन यंत्रावरचा फॉन्ट वापरतं आणि कंटेनरच्या लहान आकाराच्या इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतोच. जुन्या यंत्रावर कुणीतरी कधीतरी लोहित देवनागरी बसवला होता, तो सॉफ्टवेअरचाच भाग आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही अडचण कधी येणारच नाही, म्हणून कुठल्या मार्गदर्शिकेत ती ठळक लिहिलेली सापडत नाही. मराठी संस्थांनी ती लिहून ठेवावी.

भाच्याने इमेज स्वतःच्या मॅकबुकवर बांधली. त्याच्याकडे सुरेख चालली, सर्व्हरवर मात्र सुरू होताच बंद पडली. नव्या मॅकचा प्रोसेसर आर्म जातीचा, सर्व्हरचा इंटेल जातीचा. बांधतानाच कोणत्या प्रोसेसरसाठी ते सांगावं लागतं.

सगळ्यात नाजूक चूक काकांनी पकडली. २०२५च्या मार्चअखेरीस एका सभासदांच्या मुलीने न्यू जर्सीहून देणगी पाठवली. आपल्याकडे तेव्हा १ एप्रिल उजाडून रात्रीचे दोन वाजले होते. पावतीवर मात्र ३१ मार्च. कंटेनरचं घड्याळ मुळात ग्रीनिचच्या वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एरवी हे वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण ही पावती मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली आणि बँकेच्या उताऱ्याशी ताळा पडेना. काका पावती घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “ताई, तारखेत काहीतरी आहे.” यंत्राची वेळ सांगणारी ओळ डॉकरफाइलमध्ये त्या दिवशी आली.

आणि वर्गणी संपत आल्याचं आठवणपत्र. जुन्या सर्व्हरवर ते रोज सकाळी आपोआप जायचं. कोडमध्ये त्याचा मागमूस नव्हता, यंत्राच्या वेळापत्रकात एक ओळ होती एवढंच. ती ओळ पुरासोबत गेली. डिसेंबरमध्ये एक आजी कार्यालयात आल्या, “मला यंदा पत्र नाही आलं, माझं नाव काढलंत का?” विचारताना त्यांचा आवाज कापत होता. सप्टेंबरपासून एकही आठवणपत्र गेलेलं नव्हतं.

कंटेनरचा एक मोठा धोका इथे सांगितलाच पाहिजे, कारण तो विकणारे सांगत नाहीत. पेटी बंद केली की आतलं जसंच्या तसं राहतं, म्हणजे जुनंही जुनंच राहतं. आम्ही २०२४च्या ऑक्टोबरात पीएचपी ७.० तसंच आत घालून काम सुरू केलं. त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०१९च्या जानेवारीतच थांबलेल्या. म्हणून ते फक्त कार्यालयातून उघडेल असं ठेवलं, बाहेरच्यांना बंद. फेब्रुवारीत भाच्याने सगळा कोड ८.३वर आणला, तेव्हाच सभासदांसाठी खुलं केलं. आता दर महिन्याला इमेज नव्याने बांधतो, म्हणजे पायातल्या दुरुस्त्या आत येतात. पायाची आवृत्ती आकड्यानिशी लिहितो. ‘लेटेस्ट’ लिहिलं तर आज एक मिळतं आणि सहा महिन्यांनी भलतंच.

डेटाबेस आणि सभासदांचे फोटो पेटीत घालायचे नाहीत, ते बाहेर ठेवायचे, त्यांचा बॅकअप वेगळा. पासवर्डही आत घालायचे नाहीत. इमेज थरांची असते, एका थरात लिहिलेला पासवर्ड पुढच्या थरात पुसला तरी खालच्या थरात शिल्लक राहतो. आमचा ईमेलचा पासवर्ड २०१६पासून कोडमध्येच लिहिलेला होता, तो बदलला. आणि कंटेनर बंद करण्याची ‘डॉकर कंपोज डाउन’ ही कमांड शेवटी ‘-v’ लावून दिली तर बाहेर डॉकरच्या व्हॉल्यूममध्ये (साठ्यात) ठेवलेला डेटाही पुसला जातो, हे सर्व्हरला हात लावणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा.

पेटीची एक प्रत फाइल करून पेन ड्राइव्हवर घेतली आहे, सोबत डॉकरफाइल, कोड आणि दोन पानी छापील सूचना. तो पेन ड्राइव्ह खजिनदारकाकांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात असतो.

जूनच्या पहिल्या शनिवारी, पावसाळ्याआधी, आम्ही तालीम करतो. एक कोरं यंत्र तासाभरासाठी भाड्याने घ्यायचं, पेन ड्राइव्ह आणि रात्रीचा बॅकअप एवढ्यावरच सगळं उभं करायचं आणि एक मराठी पावती छापून पाहायची. मी हात लावत नाही, छापील सूचना वाचून दुसऱ्या कुणीतरी करायचं. २०२५च्या जूनमध्ये सूचनांतली एक पायरी गाळलेली निघाली, तीन तास दहा मिनिटं लागली. आठवड्याने पुन्हा केलं, चाळीस मिनिटांत काकांच्या हातात पावती होती. त्यांनी ती उजेडाकडे धरून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ नीट आलेत का, ते पाहिलं.

ज्यांना स्वतःचा सर्व्हर नको असेल, त्यांनी तयार सेवा जरूर घ्यावी, दोनशे सभासदांच्या वाचनालयाला तेच सोयीचं. मात्र आपला सगळा डेटा आपल्याला उतरवून घेता येतो का, हे पैसे भरण्याआधी करून पाहावं. ज्या संस्था, पतपेढ्या, शाळा सॉफ्टवेअर लिहून घेत आहेत, त्यांनी करारात एवढं लिहून घ्यावं की शेवटचा हप्ता मिळायच्या आधी बनवणारा आपल्यासमोर कोऱ्या यंत्रावर ते बसवून दाखवेल आणि ज्यातून बसवलं, ते सगळं आपल्या ताब्यात देईल. डॉकर असो, डेब असो की आणखी काही, तो निर्णय त्याच्यावर सोडा. पण बसवून दाखवणं सोडू नका. चांगला कारागीर असेल तर तो याला कधीच नाही म्हणणार नाही.

आमची डॉकरफाइल आणि त्या दोन पानी सूचना, पासवर्ड वगळून, कुठल्याही मराठी संस्थेला द्यायला आमच्या कार्यकारिणीने मान्यता दिली आहे. आपल्या कार्यालयात माझा पत्ता ठेवला आहे, ज्यांना हवा असेल त्यांना तो जरूर द्यावा. शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी संस्थेत असते. सर्व्हर आता टेबलाखाली नाही, पण ती टेबलाची जागा आणि भिंतीवरची रेघ अजून तशीच आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे